बारा सेकंद

३ नोव्हेंबर
सांब्र नदीकाठच्या या काच-कारखान्याचे तेलाचे बर्नर मी ब्रसेल्समध्ये बसून आखले होते. गावात पाऊल मात्र आज पहिल्यांदा टाकलं. आता तेलाऐवजी वायू वापरायचाय, म्हणून कंपनीला माझ्यासारख्या निवृत्त बाईची आठवण झाली. व्यवस्थापक बास्तियां तोंडभर हसतो. पहिल्या बर्नरवरच्या नादेजने साखरेचा केक पुढे केला. म्हणाली, ‘खा, मादाम. कागदावर रेघोट्या मारून पोट भरत नाही.’ फार दिवसांनी मनापासून हसले.

४ नोव्हेंबर
दर वीस मिनिटांनी भट्टीतली ज्वाळा एका बाजूची विझवून दुसऱ्या बाजूने पेटवतात. मधले तीस सेकंद भट्टी विझलेली ठेवतात; न जळलेलं इंधन निघून जायला हवं, नाहीतर स्फोट. तेवढा वेळ सगळे कामगार भट्टीकडे पाठ करतात. कशाला, विचारलं. नादेज म्हणाली, आतल्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. अडाणीपणा! मी भट्टीच्या झरोक्याच्या निळ्या काचेतून सरळ आत पाहिलं.
आत, पार पलीकडे, सहाव्या बर्नरपाशी, माणूस उभा होता.

५ नोव्हेंबर
आज पाचव्यापाशी. ओदिलों. चौकशीच्या कागदांत त्याचा फोटो होता.
सव्वीस वर्षांपूर्वी मालकांना उत्पादन वाढवायचं होतं. तिसाचे बारा सेकंद करा म्हणाले. मी तशा नकाशावर सही केली. स्फोटात बर्नरवरचा ओदिलों जळून मेला. अहवाल म्हणाला, प्यायलेला होता. तो बिअरलाही शिवत नसे, हे साथीदारांच्या जबान्यांवरून मला ठाऊक होतं. गप्प बसले. सही म्हणजे शपथ, असं मठाच्या शाळेत घोकून घेतलं होतं. शपथ मोडायची अक्कल कोणी शिकवली नाही.

७ नोव्हेंबर
तिसऱ्यापाशी.
बास्तियांला पुन्हा बारा सेकंद हवेत. साफ नाही म्हटलं. तो हसला: ‘अहो मादाम, जुन्या नकाशावर सही आहे की तुमची! तीच चालेल.’

८ नोव्हेंबर
दुसऱ्यापाशी. पुढे पहिला. नादेजचा.
तिला सांगितलं, उद्या येऊ नकोस. म्हणाली, मग पगार काय तुम्ही देणार?

९ नोव्हेंबर
खोटं सांगून तिला फाटकावर पाठवलं. तिच्या जागी मी. डावा हात इंधनाच्या दांड्यावर, तो खाली गेला की इंधन सुटतं; उजव्यात पेन्सिल. बास्तियांने यंत्र बारावर लावलंय; ते काही म्हणो, तीस मोजल्याशिवाय दांडा खाली जाऊ देणार नाही —
ज्वाळा गेली. एक. दोन.
काचेला चेहरा लावून उभा आहे. रागावलेला नाही. वाट पाहतोय, नेमून दिलेल्या कामाची —
सात. आठ.
माझ्या हातावर हात. खाली दाबतोय. ओदिलों, तीस! मी चुकले होते, तीस —
नाही म्हणून मान हलवतो. माझी सही दाखवतो —
दहा. अकरा —