मध मुळीच नको

२८ सप्टेंबर

ति. ताईंस,
सा. न. वि. वि.

पत्राच्या वर काय लिहावं या विचारातच कालची अख्खी संध्याकाळ गेली. तुम्हाला ताई म्हणायचा हक्क मला कुणी दिलेला नाही. बिट्टीच्या बाबांना विचारलं, तर ते म्हणाले की या पहिल्या बायको-दुसऱ्या बायकोच्या भानगडीत त्यांना ओढू नये. तेव्हा माझ्या जबाबदारीवर ताई लिहिलं आहे, रागावू नका.

बिट्टी मजेत आहे. नव्या वर्गातल्या बाई आवडल्या आहेत, गणित आवडलेलं नाही. तिचा पाय अर्ध्या नंबराने वाढला. मी बुटांच्या दुकानात असते म्हणून माझ्या ते लक्षात आलं, नाहीतर पोर बोटं दुमडून तशीच चालत राहिली असती. नवे बूट घेतले, तपकिरी, नाडीचे.

आता कामाचं लिहिते. इथे पानं गळायला लागली आहेत आणि दिवे लागायच्या आधीच खिडक्या लावून घ्याव्या लागतात. शाळेतून आल्यावर तिच्या पोटात काही गरम जावं म्हणून मी सफरचंदाचा रस दालचिनी घालून उकळते. शेजारच्या काकू तो दोनदा मागून घेतात. बिट्टी मात्र अर्धा कप पिते आणि चांगला आहे म्हणते. तिचं चांगला आहे म्हणणं मला आता कळायला लागलं आहे. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली की आई करते तो वेगळा असतो. कसा वेगळा, ते तिला सांगता येईना. तुम्ही कृती लिहून पाठवाल का?

पुढच्या महिन्याच्या शेवटी शाळेला सुट्टी आहे. तुम्ही चार दिवस इथेच राहायला आलात तर बिट्टीला आभाळ ठेंगणं होईल. मागची खोली रिकामीच असते.

लोभ असावा असं लिहायला धजत नाही. राग नसावा, एवढीच विनंती.

आपली,
बिट्टीची मावशी
(ती मला मावशी म्हणते. मी शिकवलेलं नाही.)


३ ऑक्टोबर

सौ. बाईंस,
स. न. वि. वि.

पत्र पावलं. बिट्टीच्या पायाकडे लक्ष दिल्याबद्दल आभारी आहे.

कृती अगदी सोपी आहे. सफरचंदं सालासकट चिरून पाण्यात मऊ शिजवावीत आणि रस गाळून घ्यावा. त्यात दालचिनीचा तुकडा, आल्याच्या दोन चकत्या आणि सढळ हाताने लवंगा घालाव्यात. अख्ख्या संत्र्याची साल आतल्या पांढऱ्या भागासकट तशीच टाकावी. झाकण ठेवून मंद आचेवर चांगलं तासभर उकळू द्यावं. साल आणि लवंगा शेवटपर्यंत काढू नयेत, सगळा अर्क त्यातच असतो. मध मुळीच नको. तिला फार गोड चालत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

सुट्टीत येणं मला जमणार नाही. इथे कवळीत चिनीमातीचे दात बसवायचं काम शिकते आहे, आमच्या कारखान्याने त्यासाठीच सहा महिने पाठवलं आहे, म्हणून तर बिट्टी तिकडे आहे, आणि गिऱ्हाईकाचं तोंड सुट्टी बघून बोळकं होत नाही. शिवाय त्या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही असं मी केव्हाच ठरवलेलं आहे. ते तुमच्यामुळे नव्हे, असं समजायला हरकत नाही.

कळावे.

बिट्टीची आई


३ ऑक्टोबर

ति. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा बरा असेल. माझ्या मात्र पोटात दुखतंय, आणि कशाने ते तुला पुढे कळेलच.

तिचं पत्र आलं. तुला पाठवत नाही, नाहीतर तू तिच्याच बाजूची होशील, इतकं गोड लिहिलंय. बिट्टीचा पाय अर्ध्या नंबराने वाढला, आणि ते मला तिने कळवावं! अक्का, जन्मल्यापासून त्या पोरीचं एकेक नख मी कापलं. आता तिची बोटं बुटात दुमडतात आणि ते कळतं कुणाला, तर हिला. नवरा गेला त्याचं मला काही वाटलं नाही, खरंच नाही. ते भांडं गळकंच होतं. नेलं हिने, सांभाळू दे. पण माझ्या लेकीने शाळेतून आल्यावर हिच्या हातचा कप धरावा, हिला मावशी म्हणावं, हे मला बघवत नाही, आणि इथे बसून दिसतं तर सारखं तेच. वर म्हणते, रसाची कृती पाठवा. म्हणजे एवढी एक गोष्ट माझ्याकडे उरली होती, तीही मीच माझ्या हाताने लिहून द्यायची.

मग दिली लिहून. आपण लवंगा दोनच घालतो, मी सढळ हाताने म्हटलं. आपण सालीचं पांढरं खरवडून टाकतो आणि एक उकळी आली की साल काढून घेतो, मी सगळं तासभर शिजव म्हटलं. खाली उतरवल्यावर आपण मध घालतो, तो मुळीच नको म्हटलं. बिट्टी एक घोट घेईल, तोंड वाकडं करील, आणि आईच्या हाताची सर कुणाला येत नाही हे दोघींनाही एकदाचं कळेल. बस, एवढंच. विष नाही घातलं.

सहीच्या जागी बिट्टीची आई असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. कागद फाटता फाटता राहिला.

दिवसभर लोकांचं हसू घडवते आणि मनातल्या मनात दातओठ खाते. आमचे मोठे मास्तर म्हणाले की मी केलेले सुळे हल्ली फार टोकदार होतात. लोभ आहेच, तो माझ्या वागण्याकडे न बघता तसाच ठेव.

तुझी,
धाकटी


९ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझा गुडघा ठीक आहे. तुझं डोकं ठिकाणावर नाही.

सवतीमत्सर म्हणावा, तर नवरा तुला नकोच होता. मग हा कसला मत्सर, याला तर नावसुद्धा नाही. अगं वेडे, कडू रस ती करील, पण पिणार कोण? ती नाही पिणार, तो तर नाहीच नाही. पिणार तुझी लेक. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. तू तो लेकीच्या पायावर मारलास, आणि तोही नव्या बुटांवर.

तुझी ही खोड जुनीच आहे. माझी एक मैत्रीण मला अक्का म्हणाली म्हणून तू तिच्या दुधात मूठभर मीठ घातलं होतंस. तिला वाईट वाटू नये म्हणून ते दूध कोण प्यायलं, आठवतं? मी प्यायले. दोन दिवस पोटात पाणी ठरलं नव्हतं.

हे पत्र हाती पडताच तिला खरी कृती लिही. लिहिताना चूक झाली म्हण, काय हवं ते म्हण, पण आजच्या आज लिही.

लोभ काय, तो आहेच. तू अक्कल तेवढी वाढवावी.

तुझी,
अक्का


१५ ऑक्टोबर

ति. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमच्या कृतीने रस केला. अगदी तुम्ही लिहिलंत तसाच, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. बिट्टीनेच पत्र हातात घेऊन मला वाचून दाखवलं. वाचायच्या आधी तिने कागदाचा वास घेतला. उंबरठ्याच्या ओळी मी आधीच मागे दुमडून ठेवल्या होत्या.

मध मुळीच नको, या ओळीपाशी ती जरा थांबली. मग पुढे वाचू लागली.

दुकानात मुलांना नवे बूट घालून चालायला लावतो, तेव्हा चावणारा बूट मला लगेच ओळखू येतो, मूल काही बोललं नाही तरी. तशी ती पीत होती. राहू दे म्हटलं, तर नको म्हणाली. अख्खा कप संपवला. माझा रस अर्धा टाकणारी मुलगी, तळाशी राहिलेला गाळसुद्धा चमच्याने खाल्ला तिने.

ती खेळायला गेल्यावर मी चमचाभर चाखून पाहिला. ताई, डोळ्यांतून पाणी आलं, इतका कडू. मुलीसाठी तुम्ही असा करत असाल हे पटेना. माझ्या हातून बिघडला म्हणावं, तर पत्र समोर होतं. मी काय ओळखलं ते लिहीत नाही. तुमच्या जागी मी असते तर लवंगा आणखी घालायला सांगितल्या असत्या.

संध्याकाळी तिला विचारलं की आईचा रस असाच असतो का. नाही म्हणाली, घरी असताना गोड असायचा. मग सगळा का संपवलास, असं विचारलं. तर म्हणाली की आई आता तिकडे एकटी असते, तिकडे मध मिळत नसेल, म्हणून आई असाच करून पीत असेल. आई पिते तर मी पण पिणार.

मला वाटलं होतं, कृती मिळाली की जमेल. माझा गोड रस अर्धा राहतो आणि तुमचा कडू तळापर्यंत जातो. इतका हेवा मला आजवर कुणाचा वाटला नव्हता. भांडं घासता घासता रडले आणि मग त्या भांड्याचाही राग आला.

काय करू ते कळवा. कळवलंत तर तोच लोभ समजेन.

आपली,
बिट्टीची मावशी


२० ऑक्टोबर

बिट्टीच्या मावशीस,
अनेक आशीर्वाद.

तुला आता तू म्हणते. तुम्ही म्हणून खोटं लिहिता आलं, तेवढं पुरे झालं.

तू ओळखलंस ते खरं आहे, मी मुद्दाम केलं. माझ्या थोरल्या बहिणीने वेळेवर दटावलंही होतं. तरी खरी कृती लिहायला मी बसले नाही, कारण बिट्टीने तो रस थुंकून टाकला ही बातमी मला आधी ऐकायची होती. तिची मी रोज वाट पाहत होते. जी बातमी आली, ती वाचून मी कामावरच्या मोरीत नळ सोडून उभी राहिले, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

लवंगा दोन, बस. संत्र्याची साल घेशील तिचं पांढरं चमच्याने पार खरवडून टाक. एक उकळी आली की साल आणि लवंगा काढून घे. खाली उतरव, हात लावता येईल इतका निवला की चमचाभर मध. उकळत्यात घालू नकोस.

आणि तिला सांग की आईचं लिहिताना चुकलं. आईला इथे मध मिळतो, फडताळात अर्धी बरणी आहे. माझी पोर मला इथे कडू पीत बसलेली बघते आहे, हे एक दिवसही पुढे जायला नको. तिला वेगळं पत्र लिहायला बसले होते, पण चि. बिट्टीस याच्या पुढे हात जाईना. तू सांग. तुझं ऐकेल ती, आणि हे लिहिताना मला काय होतंय ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

यायचं मात्र विचारू नकोस. आता कुठल्या तोंडाने येऊ?

माझ्यावर लोभ ठेव असं म्हणण्याजोगं मी काही केलेलं नाही. बिट्टीवर आहे, तो तसाच राहू दे.

बिट्टीची आई


२६ ऑक्टोबर

ति. ताईंस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. तुमचं पत्र तिला दाखवलं नाही, कधी दाखवणारही नाही. एवढंच म्हटलं की आईचं लिहिताना चुकलं आणि आईकडे मध आहे. बिट्टी माझ्यावर अशी उसळली की तिचे बाबा पेपर टाकून स्वयंपाकघरात आले आणि रागरंग बघून आल्या पावली परत गेले. आई चुकत नाही, म्हणाली. मला तिची आई आवडत नाही म्हणून मी असं म्हणते, म्हणाली. तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे. जेवते, शाळेत जाते, मी काही विचारलं तर मान हलवते.

तरी नव्या कृतीने रस केला. चाखला आणि इतके दिवस मी कशाला रस म्हणत होते याची लाज वाटली. बिट्टीने कप नाकाजवळ नेला. मी तिच्याकडेच बघत होते. ओळखला तिने. आणि कप तसाच माझ्याकडे सरकवला. आई आल्यावर, म्हणाली. अबोल्यात तेवढंच काय ते बोलली. आता रोज स्टूल ओढून माझ्या शेजारी उभी राहते, लवंगा स्वतः टाकते, रस कडूच करायला लावते आणि नाक दाबून पिते. फडताळातली मधाची नवी बाटली तिने दप्तराच्या कप्प्यात ठेवली आहे. ती कुणासाठी आहे ते विचारायची मला गरज नाही.

तुमची चूक ती माझ्या तोंडून ऐकून घेणार नाही, मी जन्मभर सांगितलं तरी. कुठल्या तोंडाने येऊ असं लिहिलंत. ज्या तोंडाने तिला बिट्टी म्हणता त्याच तोंडाने या. शनिवारी शाळेला सुट्टी लागते. उंबरठा ओलांडायचा नसेल तर मी शेगडी आणि पातेलं बाहेर पायऱ्यांवर आणून ठेवीन, पण या.

तुम्ही आलात की ती माझ्याकडे वळूनही बघणार नाही. ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्या दिवशी माझ्या पोटात किती दुखेल तेही. तरी बोलावते आहे. तिचा सगळा लोभ तुमच्यावरच आहे. तुम्हाला पुरून थोडा उरला, तर तेवढा मला असावा.

आपली,
बिट्टीची मावशी