सत्यभामेच्या नावानं मागवलेला गुंड

मोहाडी,
दि. २ एप्रिल २०२३

आदरणीय परसराम मामा यांना भाची भावनाचा सविनय जयभीम.

तुमचा डोळा आता कसा आहे? मोतीबिंदू काढल्यावर महिनाभर ठोकठोक करू नका असं डॉक्टरनं सांगितलं होतं, अन् तुम्ही पंधराव्या दिवशीच हातोडा घेऊन पडवीत बसले, असं कानावर आलं. (कोणी सांगितलं ते विचारू नका. घरात तुम्ही अन् मामी दोघंच असता, तरी विचारू नका.) मामीचे गुडघे बरे असतील अशी आशा करते. इकडे मनालीचे बाबा मजेत आहेत, अन् मनालीचं लग्न मे महिन्याच्या सात तारखेले पक्कं झालं आहे. हे सारं फोनवर सांगितलं असतं, पण गोष्ट लांबली की तुम्ही फोन मामीच्या हातात देता. म्हणून पत्र लिहून राहिली. पूर्ण वाचा.

मामा, मी फसली. अंगणवाडीत दर महिन्याले बायांले बसवून 'अनोळखी माणसाले पैसे पाठवू नका' हे मीच सांगते, अन् मीच बत्तीसशे रुपये पाठवून बसली. आता तुम्ही म्हणाल, काहून पाठवले? तर त्याचं कारण तुम्ही आहात. रागावू नका, ऐकून घ्या. माझ्या लग्नात पाणी भरायचा पितळी गुंड तुम्ही दिला, मनाली झाली तेव्हा घंगाळ दिलं, घर बांधलं तेव्हा परात दिली, अन् एकदाही पैसे घेतले नाही. 'भाचीकडून पैसे घेतले तर हातातला हातोडा सुटंल' हे तुमचं ठरलेलं वाक्य. इकडे पितळेच्या पत्र्याचा भाव काय झाला ते मले माहीत आहे. म्हणून मी ठरवलं, मनालीच्या लग्नाचा गुंड तुमच्याच हातचा घ्यायचा, पण पूर्ण पैसे देऊन.

तेवढ्यात मोबाईलवर एक दुकान दिसलं. 'भंडाऱ्याची अस्सल पितळी भांडी.' अन् फोटोत गुंड कोणाचा? तुमचा! गळ्याखाली तुम्ही तीन ठोक्यांची खूण करता, ती साफ दिसत होती. मले वाटलं, प्रफुल्लनं नागपूरहून बापाले ऑनलाईन दुकान टाकून दिलं. मी आनंदानं उडालीच. तुम्हाले फोन करून विचारायचं साधं काम होतं, पण विचारलं असतं तर तुम्हाले कळलं असतं अन् तुम्ही पैसे घेतले नसते. म्हणून मी ऑर्डर खोट्या नावानं दिली. सत्यभामाबाई, पत्ता शेजारच्या सुलोचनाबाईंचा. तिकडून 'थँक्यू डिअर' असा मेसेज आला. (तेव्हाच समजायले पाहिजे होतं. प्रफुल्ल मेसेजचं उत्तरच देत नाही.)

आठ दिवसांनी खोका आला, उचलला तर फुलासारखा हलका. आतमध्ये सोनेरी रंग मारलेली प्लास्टिकची कुंडी, अन् पाणी जायले बुडाले तीन छेद! सुलोचनाबाई म्हणे, तुळस लावा नाही तर कोथिंबीर. मी अशी भडकली की विचारू नका.

दुकानाच्या नंबरवर फोन केला. माणूस मोठा गोड, हिंदीत म्हणे, पैसे परत देतो, पाठवलेला कोड स्कॅन करा अन् पिन टाका. मी म्हटलं, भाऊ, आमच्या मंगळवारच्या बाजारात पैसे घेणारा कोड दाखवते अन् देणारा स्कॅन करते. घेणारी तर मी आहे, मग कोड तुझा कायले? त्यानं फोन कापला. मी सतरा वेळा लावला. अठराव्यांदा नंबर बंद.

मग गेली पोलीस ठाण्यात. मनालीचे बाबा म्हणत होते, जाऊ दे, लोक हसतील. म्हटलं, हसू द्या. तिथं शिपायानं विचारलं, ऑर्डर सत्यभामाची, तुम्ही कोण? मी म्हटलं, सत्यभामा मीच आहे. मग तुमचं खरं नाव? भावना. तो पेन ठेवून म्हणे, बाई, यात फसवणारा नेमका कोण? शेवटी सुलोचनाबाईले साक्षीले नेलं, ऑनलाईन फसवणुकीचा सरकारी नंबर आहे एकोणीसशे तीस, त्यावर तक्रार नोंदवली, कुंडीही जमा केली. तीन चकरा झाल्या, चौथी दहा तारखेले, सोमवारी आहे. पैसे मिळो न मिळो, त्याले मी सोडत नाही.

पण मामा, मनातलं सांगते. बत्तीसशे गेले त्याचं दुःख कमी आहे. तुमच्या हाताचे पैसे दुसऱ्याच्या खिशात गेले, ते मले सहन होत नाही. आजवर तुम्ही एकदाही घेतले असते, तर मी चोराच्या दारात गेलीच नसती.

मामीले जयभीम.

तुमची भाची,
भावना

ता. क. फोटो तुमच्याच गुंडाचा आहे असा जबाब लागते. त्या सोमवारी सकाळी दहाच्या बसनं मोहाडीले या. जेवण माझ्याकडे.

ता. क. दुसरा : मामीनं साकोलीच्या मास्तरीणबाईचा म्हणून जो गुंड तुम्हाले ठोकायले लावला, अन् ज्याचे पूर्ण पैसे तुम्ही मागच्या आठवड्यात मोजून खिशात घातले, तशी कोणी बाई साकोलीत नाही. त्यावर मनालीचं नाव कोरा.

ता. क. तिसरा : ते पैसे माझे होते म्हणून परत आणू नका. एकदा घेतलेले पैसे परत द्यायचे नसतात, हे मी त्या दुकानवाल्याकडूनच शिकली.