वाफेच्या पावातलं काळं सारण

आप्पा, तुमची नात तीन दिवस झाले माझ्याशी बोलत नाही, आणि त्यात चूक तुमची आहे असं मी आज ठरवून टाकलं आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. ती जन्मली तुम्ही गेल्यानंतर वर्षभरानं. तुम्ही दोघांनी एकमेकांना बघितलेलं नाही, तरी चूक तुमचीच. दुपारचे तीन वाजलेत. सकाळचा माल संपला आहे, संध्याकाळचं पीठ ओल्या फडक्याखाली फुगतं आहे, आणि मला हा एवढा तास गिऱ्हाइकांपासून मोकळा असतो. एरवी या वेळेला ती माझ्यासमोर बसून कांदा चिरत असते, मी लसूण निवडत असते, आणि आमची तोंडं हातांपेक्षा जास्त चालतात. आज ती वर खोलीचं दार लावून बसली आहे आणि मी काउंटरवर एकटी बसून गेलेल्या माणसाशी कागदावर भांडते आहे.

तुमची बेकरी तुम्ही आता ओळखणार नाही. भट्टी आहे, पण ती आठवड्यातून दोनदाच पेटते, खारी आणि बटरसाठी. बाकी सगळं वाफेवर. तुमचे जावई फाउंड्रीच्या नोकरीनं सहा वर्षं व्हिएतनामला होते, आम्ही मायलेकी त्यांच्याबरोबर. खालच्या मजल्यावरची घरमालकीण रोज सकाळी सायकलला मोठा डबा बांधून वाफवलेले पाव विकायला निघायची. आत डुकराचा खिमा, काळी अळंबी, लावा पक्ष्याचं उकडलेलं अंडं. बाई खणखणीत आवाजात ओरडत जायची, काय विकते आहे ते अख्ख्या रस्त्याला कळायचं. तिच्याकडून मी शिकले. झाकणाला फडकं गुंडाळायचं, नाहीतर वाफेचं पाणी ठिबकून पावाच्या पांढऱ्या अंगावर खड्डे पडतात. गॅस बंद केल्यावर झाकण एकदम उचलायचं नाही, जराशी फट ठेवायची आणि थांबायचं, नाहीतर पाव बसतो. तुम्ही आयुष्यभर पाव तांबूस झाल्याशिवाय भट्टीबाहेर काढला नाहीत, तुम्हाला हे प्रकरण बघून काय वाटलं असतं कोण जाणे. परत येऊन मी तुमची बेकरी चालवायला घेतली तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकाला काय वाटलं ते मात्र मला माहीत आहे. त्यानं पाव हातात फिरवून बघितला आणि म्हणाला, "ताई, ह्यो भाजायचा राहिलाय की."

तेवढं परवडलं. खरी पंचाईत चवीची झाली. मी घरमालकिणीनं शिकवलं तसंच सगळं करत होते. माशाचा सॉस मागवला, अळंबी मागवली, मिरपूड तिच्या मापानं घातली. लोक यायचे, एक खायचे, पाणी प्यायचे, आणि "अळणी हाय" म्हणून निघून जायचे. दुसऱ्यांदा फिरकायचे नाहीत. चार महिने असे गेले. जावई म्हणायला लागले, चिकन भर, कोल्हापुरी मसाला घाल, नाव कशाला व्हिएतनामचं लावतेस. एका रविवारी वैतागून मी सॉसची बाटली बाजूला ठेवली आणि तुमचं डुक्कर केलं.

तुमचं म्हणजे तुमचंच. फौजेच्या भटारखान्यात असताना तुम्ही आसामकडं ते शिकून आला होतात, काळ्या तिळाच्या वाटणातलं. इथं तसे तीळ मिळेनात म्हणून तुम्ही कारळं भाजून वाटलं, वर आईची कांदा-लसूण चटणी घातली, आणि ते जे काही झालं ते ना आसामचं राहिलं ना कोल्हापूरचं. जगात ते फक्त आपल्या घरात व्हायचं, महिन्यातल्या एका रविवारी, सगळ्या खिडक्या लावून. दाराच्या फटीला गोणपाट. मे महिन्यातसुद्धा. आम्ही घामाघूम होऊन जेवायचो आणि तुम्ही ताटावरून मान वर न करता सांगायचात, "घरात काय शिजतंय ते भट्टीवर गिऱ्हाइकापुढं बोलायचं न्हाय. कोण इचारलं तर मटण."

का, हे मी विचारलं नाही, कारण ते कुणी न सांगताही आम्हाला माहीत होतं. आपण बौद्ध. गल्ली सगळी दूधदुभतं आणि शेतीवाल्या घरांची. गारगोटीकडच्या आपल्या गावात ज्यांनी आपल्या हातचं पाणी घेतलं नसतं, तसली माणसं इथं रोज सकाळी तुमच्या हातचा पाव चहात बुडवून खात होती, आणि ते असंच चालू राहावं म्हणून तुम्ही बेकरीला कुणालाही चालेल असं फुलाचं नाव दिलं होतं, बुद्धाची तसबीर गल्ल्यावर न लावता आत मैद्याच्या पोत्यांवर लावली होती. आता त्यात डुक्कर. मला तुमची भीती कळते. मला ती तेव्हाही कळत होती, चौथीत असताना. म्हणूनच तुमच्यावरचा राग जात नाही, न कळणाऱ्या माणसाचा राग कधीतरी जातो तरी.

चौथीतली गोष्ट तुम्ही विसरला असाल. मी नाही. शेजारच्या घरातली माझी मैत्रीण, जिच्याबरोबर मी शाळेत जायचे, तिला मी सांगून टाकलं. भांडणात नाही, फुशारकीत. आमचे आप्पा असलं डुक्कर करतात की बोटं चाटशील. दुसऱ्या दिवशी तिच्या घरचा पाव बंद. तिसऱ्या दिवशी तिच्या चुलतीच्या घरचा. चौथ्या दिवशी तुम्ही मला मारलं नाहीत, ओरडला नाहीत, फक्त म्हणालात, "चप्पल घाल." आणि माझा हात धरून मला त्यांच्या दारात उभं केलंत. मैत्रिणीची आई भाकरी थापत होती. तुम्ही हसत होतात. फौजेतून आलेला सहा फुटी माणूस, आणि असं लाचार हसणं मी तुमच्या तोंडावर त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "वहिनी, पोरगी थापाडी हाय. मटणाला डुक्कर म्हणती. सांग गं, सांग काकीला." आणि मी सांगितलं. मी खोटं बोलले, काकी. माझी मैत्रीण आतून बघत होती. तिथून तुम्ही मला परस्पर बाजारात नेलंत आणि नवी कंपासपेटी घेऊन दिलीत, पिवळी. पाव दोन दिवसांत पुन्हा सुरू झाला. शाळेत माझं नाव थापाडी पडलं ते सातवीपर्यंत पुरलं.

आप्पा, तुम्ही नुसतं स्वतः खोटं बोलला असतात तर मी केव्हाच माफ केलं असतं. पोट सगळ्यांना असतं. तुम्ही मला खोटं ठरवलंत, आणि तेही माझ्याच तोंडून.

व्हिएतनामला गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी तुमचं डुक्कर शिजवलं होतं. कारळं इथून नेलं होतं. सवयीनं खिडकी लावायला उठले आणि मग लावली नाही. खाली घरमालकीण कपडे वाळत घालत होती, वास तिच्यापर्यंत गेला असणार. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. त्या बाईनं वर बघितलं नाही याचंच मला इतकं रडू आलं की जावई घाबरले, त्यांना वाटलं भाजलं की काय. कशी केली होती ही कृती म्हणून विचाराल तर आईला विचारून विचारून, चुकत माकत. तुम्ही कधी शिकवलीत नाही. शिकवायचं म्हणजे ती आहे हे कबूल करायचं.

तर त्या रविवारी तेच सारण पावात गेलं, आणि आप्पा, लोक वेडे झाले. पांढऱ्या पावातून काळं सारण निघालं की कॉलेजची पोरं आधी फोटो काढतात. पाटीवर मी पहिल्या दिवसापासून स्वच्छ लिहिलं आहे, व्हिएतनामी वाफेचा पाव, डुकराचं मांस. कुणाला फसवलं नाही. परवा मलकापूरहून आलेले एक पावणं दोन खाऊन झाल्यावर पाटी वाचायला लागले. मी धसकले. ते शांतपणे म्हणाले, "डुक्कर व्हय. असू द्या की. व्हिएतनामात खात्यात म्हटल्यावर चालतंय." आणि तिसरा मागितला. मी वाढला, पण रागानं ताटली आपटूनच. व्हिएतनामात खातात म्हटल्यावर चालतं. आम्ही खातो म्हटल्यावर गोणपाट लावावं लागत होतं. वास तोच, कारळं तेच. तुम्ही असतात तर मी तुम्हाला धरून त्या माणसासमोर बसवलं असतं आणि म्हटलं असतं, बघा, एवढंच करायचं होतं, फक्त एक लांबचं नाव लावायचं होतं.

हे सगळं मी तुमच्या नातीला सांगत आले आहे. पीठ मळताना, हसत हसत. खिडक्या, गोणपाट, मे महिना. शेजारच्या दारातली गोष्ट तेवढी सांगितली नाही. तिला तुमचा फार अभिमान आहे. तुमचा फौजेतला फोटो तिच्या फोनवर आहे. दुकानाला नवा बोर्ड करायचा आहे, तर महिनाभर तिचं एकच चाललं होतं, आई, बोर्डावर आजोबांचं नाव लिहू, हे त्यांचं आहे. मी म्हणायचे, बघू.

तीन दिवसांपूर्वी खाण्याचे व्हिडिओ करणारं एक जोडपं आलं. दुकानासमोर गर्दी, निम्मी गल्लीतलीच. त्या मुलीनं माझ्यापुढं माइक धरला, "मॅडम, इतकी अस्सल व्हिएतनामी चव कोल्हापुरात कशी काय जमवली?" मी तोंड उघडायच्या आत आमची कन्या मागून म्हणाली, "चव व्हिएतनामची न्हायच. पाव तिकडचा. सारण माझ्या आजोबांचं हाय. ते फौजेत होते, घरात खिडक्या लावून करायचे, गल्लीला कळू नये म्हणून."

गल्ली ऐकत होती. त्या मुलीचे डोळे चमकले, तिला काहीतरी सापडलं होतं. तिनं माइक पुढं सरकवला आणि विचारलं, "अच्छा? का बरं कळू नये? कुठले तुमचे आजोबा? आडनाव काय?"

आडनाव काय. आप्पा, तो प्रश्न तिनं साधाच विचारला असेल. पण आमच्या गल्लीत आडनाव म्हणजे जात. समोर दूधवाले काका उभे होते, त्यांच्या सुना होत्या, ज्यांना माहीत आहे आणि ज्यांनी माहीत नसल्यासारखं वागायचं ठरवलं आहे ते सगळे उभे होते. आणि मी हसले. कसं हसले ते मला व्हिडिओ बघितल्यावर कळलं. म्हणाले, "अहो, तिचं काय मनावर घेता? लहानपणापासून गोष्टी रचायची सवय आहे तिला. व्हिएतनामचीच आहे चव, तिथल्या बाईंनी शिकवली." सगळे हसले. ते जोडपंही हसलं. पोरगी हसली नाही. तिनं हातातला पाव ताटलीत ठेवला, हात पुसले, आणि जिना चढून वर गेली.

मागे आई लसूण सोलत बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "अगदी बापावर गेलीस गं."

संध्याकाळी मी ताट घेऊन वर गेले तेव्हा पोरीनं दार उघडून एवढंच विचारलं, "आई, मी रचून सांगते?" मी म्हटलं, "जेवून घे." तेव्हापासून अबोला.

म्हणून म्हटलं, चूक तुमची. मला ते हसणं तुम्ही शिकवलंत, कृती शिकवली नाहीत तरी. असं लिहायला बसले तेव्हा वाटत होतं. आता इथवर आल्यावर तितकं ठामपणे म्हणवत नाही. तुमच्यापुढं चार घरांचा पाव होता, दोन लहान पोरं होती, आणि दुसरा धंदा नव्हता. माझ्यापुढं काय होतं? रांग होती. उद्यासुद्धा असेल, आजोबांचं नाव सांगितलं तरी बहुतेक असेलच. दूधवाले काका कदाचित चार दिवस दुसऱ्या रस्त्यानं जातील. एवढंच. एवढ्यासाठी मी ते केलं.

पीठ फुगलं आहे, मला उठायला हवं. हे लिहून झालं की वर जायचं, दार वाजवायचं आणि तिची माफी मागायची, असं मी मघाशी ठरवलं होतं. शेजारच्या दारातली गोष्टसुद्धा सांगायची. ती ऐकेल, रडेल, गळ्यात पडेल, माझी लेक तशी हळवी आहे. आणि मग डोळे पुसून लगेच विचारेल, मग आता बोर्डावर आजोबांचं नाव लिहायचं ना? तिथंच माझं पाऊल अडतं आहे, आप्पा. तीन दिवस मी ते उत्तर मनात घोळवून बघते आहे, आणि प्रत्येक वेळी ते "नको" असंच येतं.