आमच्या घरांत अशी माणसं नाहीत

४ फेब्रुवारी

त्या दिवशी पाणी भरलं, गाद्या उन्हात टाकल्या, पडदे साबणात बुडवले. मग स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे पुसत होते. हे टीव्हीसमोर बसून म्हणाले, "रिमोटचे सेल बदलायला झालेत." मी म्हटलं, "माझे हात ओले आहेत." दुपारी हे गेले. बसल्या जागी.

लोक अजून विचारतात, शेवटचं काय बोलले? मी सांगते, "स्वतःला जप, म्हणाले." सेलचं कुणाला सांगणार!

सव्वा वर्ष झालं. आज पुन्हा पडदे भिजवले म्हणून आठवलं. विशेष काही नाही.

५ फेब्रुवारी

टीव्ही यांनी हौसेनं घेतलेला. जिन्यातल्या सगळ्यांपेक्षा मोठा. त्यामुळे सातची सिरियल आमच्याकडे. हे होते तेव्हाही, आताही. हेडबाई येतात वरच्या मजल्यावरून — शाळेतून निवृत्त झाल्या, आवाज नाही झाला. शेजारची शिंपीण येते, मांडीवर काजं-बटणं घेऊन. समोरची नर्स येते आणि आठला ड्यूटीवर पळते.

आणि भाऊजी. माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. आमच्या मागच्या खोलीत राहतात, चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. एकसष्ट पूर्ण. ते सिरियल बघत नाहीत! ते दाराजवळच्या बाकड्यावर बसून बूट घालतात. सातला घालायला लागतात, साडेसातला नाडी बांधून होते. मग फिरायला जातात. नर्स म्हणते, "भाऊजी, आज कुठला पाय?"

हे गेल्यावर यांच्याबद्दल बोलायला घरात तेवढे एकच उरलेत. यांना लहानपणी सायकल येत नव्हती, हे मला भाऊजींकडून कळलं. यांनी बत्तीस वर्षं लपवलं होतं.

९ फेब्रुवारी

आज सिरियलमध्ये झालं ते लिहून ठेवते.

घरातला धाकटा मुलगा. गाईगुरांचा डॉक्टर त्याचा मित्र, चार महिने घरात येतो-जातो. आज गोठ्यात धाकट्यानं डॉक्टरचा हात हातात घेतला. एवढंच. कॅमेरा तीनदा गरगर फिरला. ढोल वाजले. शेवटी गाईचं तोंड दाखवलं, गाय शांत होती.

आमच्याकडे कुणी शांत नव्हतं.

हेडबाई : "सात वाजता! घरात लेकरंबाळं असतात!"

शिंपीण : "तुमच्या कुठं आहेत? एकट्या तर राहता."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

नर्स म्हणाली, "गेल्या महिन्यात सासूनं सुनेच्या दुधात विष घातलं, तेव्हा नव्हता का हो तत्त्वाचा प्रश्न?"

हेडबाई म्हणाल्या, "ते घरातल्या घरात होतं."

शिंपिणीनं दोरा दातानं तोडला. "दिसायला किती चांगला आहे तो डॉक्टर. वाया गेला."

भाऊजींचा एक बूट घालून झाला होता. दुसरा हातात घेऊनच बाहेर गेले. जिन्यात घातला असेल.

१० फेब्रुवारी

हेडबाई सकाळीच आल्या. वाहिनीला पत्र पाठवायचं, जिन्यातल्या सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. पत्र मी लिहायचं. "तुझं अक्षर चांगलं, तू वाचतेस-बिचतेस. मी लिहिलं तर शाळेची नोटीस वाटेल."

खरं तर मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं सगळं वाचनालयातून. हे दर शनिवारी दोन पुस्तकं आणायचे, मी अडलेले शब्द पाटीवर लिहून ठेवायचे. आयुष्यात कुणी कधी म्हटलं नव्हतं की, हे तूच लिही.

लिहिते म्हटलं.

११ फेब्रुवारी

चार वेळा लिहिलं. पहिल्यांदा फार लांब झालं. दुसऱ्यांदा रागावलेलं झालं. तिसऱ्यांदा शाई सांडली. चौथं जमलं.

शेवट असा केला : "आम्ही साधी, सरळ घरं आहोत. आमच्या घरांत अशी माणसं नाहीत. मग जी आमच्यात नाहीतच, ती रोज सात वाजता आमच्यासमोर कशासाठी आणून बसवता?"

मोठ्यानं वाचून पाहिलं. ताल चांगला लागला. कुणा लेखकाचं वाटावं असं. हे असते तर दोनदा वाचायला लावलं असतं.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी सिरियलआधी वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला हेडबाईंनी टाळी वाजवली. शिंपिणीनं सही केली, पण "डॉक्टरला काढू नका, नुसतं लग्न लावून द्या, असं लिहिता आलं तर बघा" म्हणाली. नर्सनं घड्याळ बघितलं, म्हणाली, "मला उशीर होतोय," आणि सही न करता गेली. सात वाजायला दहा मिनिटं होती.

भाऊजी बाकड्यावर होते. मी म्हटलं, "भाऊजी, तुमची सही?"

ते म्हणाले, "छान लिहिता, वहिनी." आणि मागच्या खोलीत गेले.

रात्री हेडबाई जिनाभर फिरल्या; एकूण एकेचाळीस सह्या झाल्या. उद्या टाकणार.

१३ फेब्रुवारी

पत्र टाकलं. भाऊजी जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणे.

१९ फेब्रुवारी

भाऊजी आता पावणेसातलाच बाहेर पडतात. बाकडं रिकामं. हेडबाई त्यावर पर्स ठेवतात.

२२ फेब्रुवारी

घरी फोन आला. कुणी खोल्यांचा दलाल. "एकट्या गृहस्थांसाठी खोली हवी होती ना? बघायला केव्हा येताय? पहिला मजला आहे, वयस्कर माणसाला बरं." मी म्हटलं, चुकीचा नंबर लागला. तो म्हणाला, नाव-पत्ता सगळं लिहून घेतलंय. भाऊजींचंच नाव.

छत्तीस वर्षं या घरात आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा दार त्यांनी उघडलं होतं.

संध्याकाळी विचारलं.

"दुकानाला जवळ पडेल, वहिनी."

"दुकान सात मिनिटांवर आहे."

"तिथून चार."

"तीन मिनिटांसाठी घर सोडताय?"

त्यांनी पाण्याचा पेला धुऊन पालथा घातला. "गुडघे दुखतात हल्ली." एवढंच. मी आणखी काय विचारणार! गुडघे मलाही आहेत.

२३ फेब्रुवारी

माझं काय चुकलं ते शोधतेय. भाजीत मीठ? मागच्या आठवड्यात त्यांना रेडिओ बंद करा म्हटलं ते? रागावणारा माणूस नाही हा.

ते गेले तर यांच्याबद्दल मी भिंतीशी बोलायचं.

३ मार्च

आज दुकानात गेले. कधी जात नाही. ठरवून गेले की, हात जोडून सांगावं, जाऊ नका.

ते डोळ्याला भिंग लावून बसले होते. भिंग लावलं की त्यांना आवाज नको असतो, हात हलतो. म्हणून मी स्टुलावर बसले आणि इकडेतिकडे बघत राहिले.

त्यांची एक पद्धत आहे. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला दोऱ्यानं कागदी चिठ्ठी बांधतात. नाव आणि तारीख. भिंतीवर पाटी आहे : सहा महिन्यांत न नेलेलं घड्याळ विकलं जाईल. त्यात कुणाला सूट नाही. यांचं घड्याळ यांनी एकदा सात महिने नेलं नाही, तेही विकलं होतं! महिनाभर दोघे भाऊ बोलत नव्हते.

कपाटात वरच्या फळीवर एक मनगटी घड्याळ चालू होतं. वेळ बरोबर. चिठ्ठीवर नाव : बाइंडर.

बाइंडर म्हणजे वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधून देणारे गृहस्थ. भाऊजींचे मित्र. मी वाचलेली अर्धी पुस्तकं त्यांनी शिवलेली. तीस वर्षं दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे. बोटांना खळीचा वास. मागच्या एप्रिलमध्ये वारले.

चिठ्ठीवर तारीख खोडून नवी तारीख घातलेली. तीही खोडून नवी. दर महिन्याची एक तारीख. मोजल्या — अकरा. शेवटची परवाची, शाई अजून निळीशार.

नियम मोडला नव्हता त्यांनी. दर महिन्याला घड्याळ नव्यानं दुरुस्तीला घेतलं होतं.

मी उठून घरी आले. त्यांनी वर पाहिलं नाही. की पाहिलं, माहीत नाही.

४ मार्च

आता एकेक गोष्ट समोर येते.

रविवारी जेवण झालं की हे मला म्हणायचे, "चल, जरा बाजारात जाऊन येऊ." मी म्हणायची, "काही आणायचं नाहीये." "मग नुसतं चालून येऊ. बोलू दे त्यांना." मला वाटायचं, दोघांचं घड्याळांवर चालतं. तीस वर्षं घड्याळांवर!

यांना ठाऊक होतं. मला सांगितलं नाही. का? मी असं पत्र लिहीन, हे यांना आधीच माहीत होतं का? हे सारखं मनात येतं.

आमच्या घरांत अशी माणसं नाहीत. हे वाक्य मी भाऊजींपासून पाच हातांवर बसून वाचलं. ताल बघत होते मी. वर सही मागितली!

६ मार्च

आज सिरियलमध्ये डॉक्टर मेला. जीप दरीत. जीप नुसती दाखवली, तीही आधीच्या एका अपघातात वापरलेली, दिवा तसाच फुटलेला होता. मग खाली पट्टी आली : प्रेक्षकांच्या भावनांचा आदर करून.

पुढच्या पाच मिनिटांत घरात साखरपुड्याची बोलणी. धाकट्यासाठी मुलगी बघितली. तो कोपऱ्यात उभा. आईनं त्याला नवा शर्ट दिला. त्या अख्ख्या घरात — आजी, काका, दोन आत्या, नोकर — एकानंही त्याला विचारलं नाही की, बाबा रे, तू जेवलास का?

हेडबाई म्हणाल्या, "बघा! एका पत्राची ताकद!"

शिंपीण डोळे पुसत होती. "मारायला नको होतं हो. बदली करायची."

मला मागचा एप्रिल आठवला. सकाळी फोन आला, भाऊजींनी घेतला. स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "वहिनी, बाइंडर गेला." मी म्हटलं, "अरेरे! काय झालं होतं?" आणि मग म्हटलं, "बाहेर जाताच आहात तर सिलिंडरचा नंबर लावून या." ते लावून आले. पावती माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी दहाला दुकान उघडलं.

हे गेले तेव्हा माझ्याकडे महिनाभर माणसं येत होती. नुसती येऊन बसायची. मला कंटाळा यायचा त्यांचा, चहा करून हात दुखायचे. पण कुणीतरी बसलेलं असायचं.

७ मार्च

हेडबाई आल्या. वाहिनीला आभाराचं पत्र पाठवायचं. "तूच लिही. तसंच, शेवटी टाळीचं वाक्य."

मी म्हटलं, "शाई संपली."

नर्स तिथेच होती. टीव्हीजवळ माझं पेन पडलेलं. तिनं बघितलं, उचललं, आपल्या खिशात घातलं. "संपली आहे हो," म्हणाली.

हेडबाई म्हणाल्या, "मग मी सांगते, शिंपीण लिहील."

शिंपीण म्हणाली, "मला लिहिता येत नाही."

"तू सही केलीस की!"

"सहीच तेवढी येते."

मग मी म्हटलं, "बाई, ते वाक्य खोटं होतं. मी लिहिलं ते."

"कुठलं वाक्य?"

"टाळीचं."

त्या म्हणाल्या, "म्हणजे?"

मी म्हटलं, "म्हणजे मला माहीत नव्हतं आणि मी लिहिलं." त्यापुढे काही सांगितलं नाही. ते सांगायचं माझं नाही. त्या पर्स उचलून वर गेल्या. आज सिरियल बघायला आल्या नाहीत. बहुतेक रागावल्या. रागावू देत.

९ मार्च

मागच्या खोलीत खोकी भरून झाली. अकरा तारखेला हातगाडी येणार. भाऊजींनी यांच्या फोटोवरची धूळ पुसली आणि मला विचारलं, "हा एक मी नेऊ का? तुमच्याकडे दुसरा आहे ना?" मी म्हटलं, "न्या." दुसरा नाही.

माफी मागायची म्हणून तीनदा पत्र लिहायला बसले. तिन्ही वेळा चांगलं जमायला लागलं. फाडून टाकलं.

१० मार्च

सकाळी आंघोळ केली, केस विंचरले, बाहेर जायच्या चपला घातल्या आणि आपल्याच घरातल्या मागच्या खोलीचं दार वाजवलं. भाऊजींनी उघडलं. मी म्हटलं, "बाइंडर गेल्याचं कळलं. भेटायला आलेय. उशीर झाला." त्यांनी एका खोक्यावरचे कपडे उचलून मला बसायला जागा केली. मी बसले. दुपारपर्यंत बसले.