सोळाशे खेपा, बत्तीसशे पाट्या

मंगळवार, सांजवेळ. अवसरी बुद्रुक

मनाली, मी सांगते ते वहीत लिही, आधी वार टाक. काल विसरलीस, आणि म्हणे आजीलाच काय ध्यानात राहत नाय!

आज लई लाज वाटतीय. कॉम्प्युटर रेंगाळतो म्हणून तू मंचरहून नवी रॅम आणून बसवलीस. खोक्यावर वेग बत्तीसशे, पडद्यावर सोळाशे. "आजी, निम्माच दाखवतोय गं," एवढंच तू म्हणालीस आणि मी चप्पल घातली. जन्मभर काट्यावर नजर ठेवून कांदा विकलाय मी.

ते रॅमचं दुकान शेजारच्या सखूच्या जावयाचं. म्हणजे अख्ख्या आळीचाच जावई. तरी भरल्या दुकानात बोलले, "पावणं, मापात पाप करता व्हय?" त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. मी हात लावला नाय.

मग तो म्हणाला, "आजी, तुमी शेतात रिकामी पाटी नेता, भरून आणता. ही रॅम जातानाही भरलेली, येतानाही भरलेली. म्हंजे एका खेपेत दोन पाट्या. पडदा नुसत्या खेपा मोजतो, खोक्यावर पाट्या लिहिल्यात."

कळलं की मला लगेच! मग तिथंच का नाय चुकले म्हणाले? गिऱ्हाईकं बघत व्हती, तशीच उठले. तो चहा गार झाला असंल. जावयानं दिलेला चहा!

"चूक माझी, मीच नीट वाचलं नाय," म्हणतीस. असू दे. तोंड माझं सुटलं व्हतं.

उद्या मासवड्या करते, तू जावयाला नेऊन दे. चहा प्यायला आजी मागून येतीय म्हणावं. रस्सा वेगळा बांध, आणि डबा काठोकाठ भर, निम्मा नको.