पडद्यावरली खिडकी

माघ शु. ५, अकोला
मोरणेकाठी छबी काढणाऱ्या पारशी शेठच्या तंबूत मागं टांगायचा पडदा रंगवून राहिलो. जन्मभर देवळाच्या भिंती रंगवल्या, पण असं उलटं काम नाई केलं. शेठ म्हणे, छबीच्या काचेले आपल्यासारखे डोळे नसतात. निळं तिले पांढरं दिसते, पिवळं-तांबडं काळं. म्हणून चुन्याची भिंत निळीनं रंगवली अन् सावल्या हळदीनं. नुसतं पाह्यलं तं रंगपंचमीचं धोतर! काचेवर मात्र दोन माळ्यांची हवेली उभी राहते, खांब, पायऱ्या, सज्जा. आज वर एक खिडकी काढली. शेठनं सांगतली नव्हती. माह्या सगूच्या मायले लय हौस होती खिडकीच्या घराची. जिवंत होती तवा काही जमलं नाई.

माघ व. १
तिकडं अमेरिकेत लढाई, इकडं कापसाले सोन्याचा भाव. जो तो छबी काढायले येते. आज एक पोरगा आला मामासंगं. जुन्या शहरात वखारीत कापसाचे गठ्ठे उचलते, तिथंच झोपते. शेठच्या पेटीतला कोट अन् पगडी मीच चढवली. मान हालू नये म्हणून मागून लोखंडी आकडा लावला, तं भेलं बिचारं. म्हणे, "काका, हे घर कोनाचं व्हय?" म्या म्हटलं, "आता तुहंच समज." मामा लय हसला.

चैत्र शु. ११, अमरावती
घरी आलो. दादानं रेशमी रुमालातून छबी काढली. "पाय गन्या, आपल्या सगूले कसं घर भेटलं!"
पायतो तं माहाच पडदा. तोच पोरगा. तीच पगडी.
सुपारी फुटून आठ दिवस झाले, अन् बापाले निरोप नाई. बोंबललो, दादा, हे घर म्या रंगवलं! वैनी पदर तोंडाले लावून हसल्या. दादा म्हणे, "तुह्या हातानं इतकं हुबेहूब आलं असतं तं देवळातला मारुती बोक्यावानी दिसला नसता. हे मानसानं नाई, सूर्यानं काढलं. सूर्य खोटं बोलते?"

चैत्र शु. १३
आज छबी उन्हात नेऊन दाखवली. पोराची सावली डावीकडं, खांबाची उजवीकडं. "दादा, त्या घरी दोन सूर्य हायेत का?"
"मोठ्याचं घर हाय. दिवे लावले असन."
हात टेकले बाप्पा. मंग वरून म्हणते, "पोरगी तुही, पन वाढवली आमी." खरंच हाय. सगू वर्षाची होती तवा तिची माय गेली, अन् मी गावोगाव भिंती रंगवत फिरलो.

चैत्र व. ६, अकोला
तीन दिवस बैलगाडीत दादाच्या शिव्या खाल्ल्या, पण आणलं त्याले. तंबू हाय, पडदा टांगलेलाच हाय. दादानं निळ्या-पिवळ्या फरकाट्यांकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. "हे? हे ते घर? गन्या, भांग घेतली का?"
शेठच्या पाया पडलो, तुमी सांगा म्हटलं. शेठ म्हणे, "गिऱ्हाईकाची गोष्ट मी बोलत नाय."
मंग वखारीत गेलो. पोरगा अन् मामा गाड्यांसंगं बुऱ्हाणपूरकडं गेलेले. दादाची कळीच खुलली. "तिकडंच त्याईचं घर हाय, मामा सांगतच व्हता." लोकाईले इचारू म्हटलं तं हात धरून ओढत नेलं मले. सुपारी फुटली, आता मोडलं तं पोरीचं नाव जाईन, म्हणे.
राग कोनावर काढू? मामावर? शेठवर? 'तुहंच समज' म्याच म्हटलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.
पोरगा वाईट नाई. पण वखारीत कापसावर माही सगू...

वैशाख शु. ८, अमरावती
परवा लग्न.
आज ठरवलंच होतं, तिले एकटीले गाठून सांगाचं. अकरावं लागलं तिले, समजते. विहिरीपाशी बसली होती, छबी मांडीवर. धरून धरून कोपरा मळवला.
"बा, हे वरची खोली माही व्हईन का?" बोट त्या खिडकीवर.
"सगू, आयक..."
"इथून काय दिसते गा?"
त्या खिडकीमागं दोन बांबू हायेत अन् सुतळी. सांगाले तोंड उघडलं.
"नदी दिसते," म्या म्हटलं.
"अन् रस्ता?"
"रस्ताबी."
"मंग मी रोज इथंच बशीन. तू येशीन तं दुरूनच दिसशीन."
उद्या हळद. अजून एक दिवस हाय सांगायले.