गुडघाभर पाण्यातून

नीलामावशी,

आज ऑफिसला दांडी मारून बेलव्ह्यू शहराबाहेरच्या ओढ्यात गळ घेऊन शिरलो. इथे त्याला नदी म्हणतात. एका जागी उभं राहवेना, दर वळणापलीकडे काय आहे ते बघत वर चालत सुटलो. एक ट्राउट मासा गळाला लागला, तो इथल्या नियमाप्रमाणे सोडून दिला. पाण्यातूनच तुला व्हिडिओ कॉल करून ते सांगितलं.

“मेल्या, खायचा नव्हता तर पकडलास कशाला?” म्हणालीस. मग हळूच, “माझ्या ऑपरेशनला येशील ना?”

“रजाच मिळत नाही गं,” मी म्हणालो. कामाच्या दिवशी, भर सकाळी, नदीत उभं राहून!

तू एवढंच म्हणालीस, “पाय कोरडे कर.”

खरं म्हणजे तिकडे आल्यावर व्हिसा अडकला तर मला इकडे परतता येणार नाही, आणि लेकीची शाळा इथे आहे. पण हे पत्र टाकणार नाही. वाचलंस तर तूच म्हणशील, “येऊ नकोस.” आणि मी लगेच ऐकेन.

तुझा भित्रा भाचा,
प्रसाद